‘बुडबुड्यांचं बेट’ की ‘वुडवुड्यांचं वेट’? खोक्यावरच्या गुबगुबीत अक्षरांसाठी सल्ला हवाय

पटावरची_सोंगटी

नमस्कार मंडळी. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी मी पटावरचा एक खेळ तयार करतेय. नाव ‘बुडबुड्यांचं बेट’. पट झाला, सोंगट्या झाल्या, पत्तेही झाले. घोडं अडलंय ते खोक्यावरच्या नावापाशी. मला टम्म फुगलेली, गुबगुबीत अक्षरं हवीत, बोटाने दाबली तर आत जाऊन परत वर येतील अशी वाटणारी. एक लठ्ठसा फॉन्ट शोधला, नाव टाइप केलं, गुलाबी रंग भरला, मी खूश. मग नमुन्याचं खोकं खेळून बघणाऱ्या पोरांच्या हातात दिलं, तर त्यातली एक मोठ्यांदा वाचते, ‘वुडवुड्यांचं वेट’. झालं. आता सगळी टोळी खेळाला वुडवुड्याच म्हणते.

दुसरी पंचाईत आउटलाइनची. अक्षरांभोवती जाड निळी कड दिली की जिथे काना शिरोरेषेला मिळतो, जिथे उकार अक्षराला चिकटतो, तिथे तिथे आतून निळ्या रेघा दिसायला लागतात.

आणि हाच फॉन्ट नियमांच्या पानावर आणि पत्त्यांवरही वापरावा का? सगळीकडे एकच अक्षर असलं की खेळ एकसंध दिसेल असं मला वाटतं. बहीण म्हणते, वाचणाऱ्याचं डोकं दुखेल. खेळाचं एक छोटं वेबपानही करायचंय, त्याबद्दलही कुणी सांगितलं तर बरं होईल.

शाईबोट

वुडवुड्या हे नाव जास्त चांगलं आहे, तेच ठेवा! बरं, गंमत पुरे.

मुलांच्या पुस्तकांची शीर्षकं रंगवणं हा माझा धंदा, त्यामुळे लठ्ठ अक्षरांशी रोजचा झगडा आहे. फुगीर अक्षर काढायला बसलेला जो तो बाहेरच्या कडेकडे बघतो. गोलाई किती, गुळगुळीत किती. वाचणारा मात्र आत बघतो. साध्या अक्षरात काळी रेघ असते आणि तिच्या पोटात पांढरी जागा. रेघ जाड करत गेलात की ती जागा आक्रसते, कारण अक्षराची उंची काही वाढत नाही. टम्म फुगलेल्या अक्षरात शेवटी पांढऱ्याच्या फक्त फटी उरतात. सगळं वाचन त्या फटींवर चालतं. त्या सांभाळल्या तर अक्षर कितीही लठ्ठ असो, वाचता येतं. त्या बुजल्या की उरतो नुसता गोळा.

आता तुमचं नाव बघा. व आणि ब यांत फरक किती? पोटातली एक तिरपी रेघ. बाहेरून दोघं जुळे भाऊ. आणि तुम्ही तीन-तीन ब असलेलं नाव निवडलंय! फॉन्टने ती तिरपी रेघ भोवतालच्या जाडीत गिळून टाकली की पोरगी वुडवुड्याच वाचणार, तिचं काही चुकलं नाही. प आणि ष यांचंही तेच दुखणं. ट, ड, ग, क यांची गोष्ट वेगळी. त्यांची ओळख बाहेरच्या आकारात आहे, म्हणून ती कितीही खाल्ली-प्यायली तरी ओळखू येतात. घ आणि ध, म आणि भ या जोड्यांमध्ये आणखी एक भानगड असते. तिथे फरक डाव्या वरच्या कोपऱ्यात आहे, शिरोरेषा तुटते की नाही आणि गाठ आहे की नाही, एवढाच. शिरोरेषा जाड झाली की पहिल्यांदा तीच जागा बुजते.

यावर माझी एक चाचणी आहे. नाव टाइप करा, त्याचे कर्व्ह करा (म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचं चित्र करा) आणि आतल्या सगळ्या पोकळ्या काळ्या भरून टाका. नुसती सावली उरेल. त्या सावलीत जी अक्षरं ओळखू येतात ती निर्धोक. जी येत नाहीत त्यांच्या फटींवर हात बसवावा लागतो. तुमच्या नावात ‘ट’, ‘ड’ आणि ‘चं’ तरतील. अडकतील ते ब.

दुरुस्ती कशी? फॉन्टची जाडी सगळीकडे सारखी असायलाच हवी, हा हट्ट आधी सोडा. उभा दांडा हवा तेवढा लठ्ठ ठेवा, पण पोटातली तिरपी रेघ त्याच्या निम्म्यानेही चालते. डोळ्याला ते खुपत नाही, उलट सगळं सारख्या जाडीचं केलं की आतला भाग गचडी झाल्यासारखा काळवंडतो. मग ब चं पोट डावीकडे जरा जास्त बाहेर काढा, म्हणजे रेघेच्या दोन्ही बाजूंना पानाच्या आकाराच्या दोन फटी मिळतील. टोकं गोल ठेवा, नाहीतर मऊ अक्षरात मध्येच सुरी खुपसल्यासारखं दिसतं. तिन्ही ब मध्ये त्या फटींची रुंदी सारखी असू द्या. बाहेरचा आकार एखाद्या ठिकाणी थोडा वेडावाकडा चालेल, फट वेगळी झालेली मात्र लगेच डोळ्यात भरते.

तयार फॉन्टच हवा असेल तर देवनागरीत या जातीचं पहिलं नाव ‘मोदक’. ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला, गूगल फॉन्ट्सवर मिळतो. एवढं लठ्ठ देवनागरी दुसरं मी पाहिलेलं नाही. पोकळ्या जवळजवळ नाहीतच, सगळी अक्षरओळख बारीक फटींवर तोललेली आहे. तो मोठा करून एकेक अक्षर निरखा. जोडाक्षरात फट कुठून कुठे वळवलीय, वेलांटी अक्षराला न गिळता कशी बसवलीय, हे बघण्यासारखं आहे. पण त्याला एकच वजन (म्हणजे जाडी) आहे आणि तो मोठ्या आकारासाठीच आहे. तळहाताएवढं अक्षर असेल तर तो राजा, बोटाच्या पेरापेक्षा लहान असेल तर त्याला घरी बसवा.

त्याहून सौम्य हवा असेल तर त्यांचाच ‘बालू’. आता ‘बालू २’ नावाने मिळतो, रेग्युलर ४०० पासून एक्स्ट्राबोल्ड ८०० पर्यंत वजनं आहेत. हा फुगलेला कमी, गुटगुटीत जास्त. पोटं उघडी आहेत. (प्रत्येक लिपीसाठी त्यांनी नावाला शेपूट लावलं होतं, गुजरातीला बालू भाई, बंगालीला बालू दा, गुरुमुखीला बालू पाजी, मल्याळमला बालू चेट्टन. फॉन्टच्या यादीत बघून मला अजूनही हसू येतं.) दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, म्हणजे विकायच्या खोक्यावरही बिनधास्त छापा. त्या परवान्यात मुख्य अट अशी की फॉन्टची फाइल तेवढी सुटी विकायची नाही, आणि फॉन्ट बदलून वाटलात तर त्याच परवान्याखाली वाटायचा. तुम्ही नुसत्या शीर्षकाचे कर्व्ह करून ब दुरुस्त करताय, त्याला यातलं काहीच आड येत नाही.

नियमांच्या पानाबद्दल तुमच्या बहिणीशी मी सहमत आहे. ही अक्षरं जन्मली कशासाठी ते बघा. ऑस्वाल्ड कूपरने १९२२ मध्ये शिकागोत कूपर ब्लॅक काढला तो जाहिरातीत लांबून दिसावा म्हणून. तो तसा सेरिफवाला आहे, म्हणजे रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेला, पण टोकं इतकी वितळलेली की आजच्या सगळ्या लठ्ठ अक्षरांचा आजोबा म्हणायला हरकत नाही. पुढे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवर १९७२ च्या सुमारास फेज टू नावाने लिहिणाऱ्या पोराने फुगीर अक्षरं काढली, ती ‘सॉफ्टी’ म्हणून ओळखली गेली. सलग गोल कड, पटकन ओढून होते, पटकन रंग भरून होतो, आणि मोठी जागा व्यापते. पकडले जाण्याच्या आत काम संपवायचं असेल तर यापेक्षा सोयीचं अक्षर नाही. दोन्हीकडे मजकूर किती? एखादं नाव, दोन-चार शब्द, तेही मोठे. परिच्छेद कुणीच लिहीत नव्हतं.

तेव्हा खोक्यावर नाव, पटाच्या मधोमध नाव, फार तर पत्त्याच्या पाठीमागे एक शब्द. ‘धपाक!’, ‘फुस्स!’ असले उद्गार पत्त्यांवर असतील तर तिथे जरूर, ते शब्द या अक्षरासाठीच जन्मलेत. नियमांना ‘मुक्ता’सारखा साधा फॉन्ट, मथळ्यांना बालू मीडियम. एकसंध दिसायला रंग आणि गोलाई पुरते.

मुद्राराक्षस

आउटलाइनचं दुखणं मी सांगतो, रोज बघतो हे. टाइप केलेल्या मजकुरात प्रत्येक अक्षर, काना, मात्रा हे वेगवेगळे तुकडे असतात आणि ते एकमेकांवर थोडे चढलेले असतात, शिरोरेषा तुटू नये म्हणून. कड दिली की प्रोग्राम प्रत्येक तुकड्याला वेगळी कड देतो. त्या आतल्या निळ्या रेघा म्हणजे तेच सांधे.

चित्र काढायच्या प्रोग्रामपैकी कोरलमध्ये करत असाल तर आधी कर्व्ह, मग सगळं निवडून वेल्ड, मग कंटूर बाहेरच्या बाजूला, कोपरे राउंड. इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स, पाथफाइंडरमधलं युनाइट, मग ऑफसेट पाथ आणि जॉइन राउंड. इंकस्केपमध्ये पाथ करून युनियन. क्रम चुकवू नका, आधी जोडायचं मग वाढवायचं. आणि कर्व्ह करण्याआधी शुद्धलेखन दोघांकडून तपासून घ्या, नंतर फाइलमध्ये अक्षर उरत नाही, नुसतं चित्र उरतं. टाइप केलेली प्रत वेगळी जपून ठेवा.

यात एक खाच आहे. ऑफसेट बाहेर वाढवला की तो पोकळीच्या आतही वाढतो, म्हणजे शाईबोट म्हणतायत त्या फटी मागच्या निळ्या थरात बुजतात. बुजू द्या. उलट मागच्या थरातल्या उरल्यासुरल्या पोकळ्या मुद्दाम काढून टाका, तो सलग निळा पत्रा होऊ द्या. वर गुलाबी अक्षर, त्यातल्या फटींतून मागचा गडद निळा दिसेल. पांढऱ्या फटीपेक्षा गडद फट कधीही ठळक वाचली जाते, आणि कड व फट एकाच रंगाची झाल्याने काम नेटकं दिसतं.

इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये टाइप करतानाच वेलांटी भलतीकडे पडत असेल किंवा ‘ड्य’ सुटा दिसत असेल तर फॉन्टला दोष देऊ नका, परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा.

छापताना शाई थोडी पसरतेच, त्यामुळे पडद्यावर दिसते त्यापेक्षा फट कागदावर बारीक येते. कापडावर स्क्रीन प्रिंट करणार असाल तर आणखीच. खोक्याच्या खऱ्या मापाची प्रिंट साध्या प्रिंटरवर काढा, हात लांब करून धरा. फट दिसली तर पुढे जा. स्टिकर कापून घेणार असाल तर ही अक्षरं एरवी फार गुणी. अणकुचीदार कोपरे नसल्याने कडा उचलत नाहीत. त्रास देतात त्या याच फटी. बारीक असतील तर सोलताना शेजारचं घेऊन निघतात.

उजळणी

मी पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवते. थोडा वेगळा सूर लावते, रागावू नका.

मुलं सुरुवातीला अक्षर हाताच्या वाटेने ओळखतात. रेघ कुठे सुरू झाली, कुठे वळली, कुठे थांबली. गुबगुबीत अक्षरात ती वाटच झाकली जाते. मोठ्यांना फरक पडत नाही, आपल्याला सवयीने शब्द चटकन ओळखू येतो. सहा वर्षांचं मूल अजून एकेक अक्षर लावत असतं. म्हणून खोक्यावर ही अक्षरं ठीक, मूल नाव एकदा पाठ करून टाकेल. पण पत्त्यावर, जिथे वाचून काहीतरी करायचंय, तिथे ‘धपाक’सुद्धा नको असं माझं मत. ‘घपाक’ वाचलं जाईल आणि मग भांडण.

आकड्यांकडेही बघा. पटाभोवती मुलं चारी बाजूंनी बसतात, म्हणजे कुणाला तरी आकडा उलटा दिसणार. फुगलेल्या ३ आणि ६ मध्ये फरक उरतो तो शेपटीपुरता, आणि लठ्ठ अक्षरात शेपूट आखूड होते. उलट्या बाजूने बघणाऱ्याचा हमखास गोंधळ. घरांवरचे आकडे साध्या अक्षरात ठेवा, किंवा आकड्याखाली एक आडवी रेघ द्या म्हणजे खाली कुठे ते कळेल.

शाईबोट

आकड्यांचं शंभर टक्के मान्य. ‘धपाक’चं नाही. चाचणी आहेच की. ध चा वरचा कोपरा उघडा ठेवून, शिरोरेषा तिथे स्पष्ट तोडून काढा आणि पोरांना वाचायला द्या. अडखळले तर काढून टाका. नुसत्या शक्यतेवर सगळा मजा काढून टाकणं मला पटत नाही.

आणि हाताच्या वाटेबद्दल म्हणाल, तर फुगीर अक्षर हाताने काढायची रीतच मुळी त्या वाटेवरून जाते. पेन्सिलीने अगदी साधं अक्षर पुसट काढायचं, ओळींमध्ये आणि अक्षरांमध्ये भरपूर जागा सोडून. मग त्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर कड ओढत जायचं, टोकाला आलं की गोल वळून परत. दोन कडा एकमेकींना भिडायला आल्या की थांबायचं आणि मध्ये फट सोडायची. शेवटी आतली मूळ रेघ पुसायची. मी मुलांच्या कार्यशाळेत हे करून घेतो तेव्हा सांगाडा पुसायला कुणी तयार नसतं, त्यांना तो आत दिसलेलाच आवडतो. सोंगटीताई, खोक्याच्या एका बाजूला हे ‘स्वतः काढून बघा’ म्हणून छापाल का? उजळणीबाईंचीही हरकत नसावी.

उजळणी

त्याला हरकत नाही. सांगाडा पुसू नका एवढंच त्यात लिहा.

कंसातला_माणूस

वेबपानाचं मी घेतो.

मराठी मजकुराला फ्रेडोका, लिलिता वन, टायटन वन असले गोड फॉन्ट लावून ‘काही फरकच पडत नाही’ म्हणणारे दर महिन्याला भेटतात. त्यांत देवनागरी नाही. ब्राउझर मुकाट्याने यंत्रातला दुसरा फॉन्ट काढून लावतो. म्हणून मोदक किंवा बालू २.

कड द्यायला सीएसएसमधला (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतला) टेक्स्ट-स्ट्रोक वापराल, तर लक्षात ठेवा की ती रेघ कडेच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी पडते. आतली निम्मी थेट फटी खाते. पेंट-ऑर्डरमध्ये आधी स्ट्रोक मग फिल असा क्रम द्या. भरलेला रंग वर येतो, आतली रेघ झाकली जाते आणि सांध्यांच्या निळ्या रेघाही जातात. लेटर-स्पेसिंगला हात लावू नका, शिरोरेषेचे तुकडे होतात. लाइन-हाइट (ओळीची उंची) १ ठेवली तर लठ्ठ फॉन्टचे उकार आणि मात्रा खालच्या-वरच्या ओळींवर चढू शकतात, दीडच्या आसपास ठेवा.

मला विचाराल तर शीर्षक एसव्हीजी चित्र म्हणून टाका, कारण तुम्ही ब हाताने दुरुस्त करणार आहात आणि फॉन्टमध्ये तो दुरुस्त नसणार. फक्त चित्राला पर्यायी मजकूर ‘बुडबुड्यांचं बेट’ असा द्या, नाहीतर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्याला खेळाचं नावच कळणार नाही. रंगाचंही बघा. वेबच्या सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला ३:१ एवढा फरक मागितला आहे. फिकट गुलाबी पांढऱ्यावर यात नापास होतो. गडद निळी कड आहे म्हणून तुमचं निभावेल.

पटावरची_सोंगटी

एवढं सगळं! मनापासून आभार. मोदकमध्ये नाव टाकलं, कर्व्ह केलं, तिन्ही ब ची तिरपी रेघ बारीक केली, मागे निळा पत्रा टाकला. आतल्या रेघा गेल्या. आज त्याच पोरीला दाखवलं तर ‘बुडबुड्यांचं’ नीट वाचलं, आणि मग म्हणाली, पण आम्ही वुडवुड्याच म्हणणार.

अजून दोन गोष्टी राहिल्या. मला अक्षरं उड्या मारताना हवीत, एक वर, एक खाली, इंग्रजी खोक्यांवर असतात तशी. ते केलं की शिरोरेषेच्या पायऱ्या होतात. आणि बुडबुड्यासारखी चमक द्यायची तर कुठे? प्रत्येक अक्षरावर पांढरा ठिपका दिला तर गोवर आल्यासारखं दिसतंय.

शाईबोट

रोमनची अक्षरं जमिनीवर उभी असतात, त्यांना उड्या मारायला काही अडत नाही. आपली शिरोरेषेला लटकलेली, एकाने उडी मारली की शेजारच्याचा हात सुटतो. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. शिरोरेषा अक्षरागणिक तोडायची आणि प्रत्येक तुकड्याला गोल टोपी करायची. मग हवं तसं नाचवा, पण ‘ड्यां’ एकत्रच नाचला पाहिजे, त्यातला काना सुटा झाला की वाचन गेलं. दुसरी, शिरोरेषा अखंड ठेवून सगळा शब्दच लाटेसारखा वाकवायचा. तिसरी मला सगळ्यात आवडते. शिरोरेषा सरळच ठेवायची आणि खालची बाजू नाचवायची. एक ब जास्त लोंबता, ड आखूड, उकार मोठा गोल लोंबकळणारा. तसंही गोल बूड असलेलं अक्षर सपाट बुडाच्या अक्षराबरोबर एका रेषेत ठेवलं की लहान वाटतं, त्याला थोडं खाली उतरवावंच लागतं. तुम्ही ते जरा जास्त उतरवा, नाच आपोआप येईल. तुमच्या नावात दोन उकार आहेत, त्यांचा पुरेपूर फायदा घ्या. आणि अनुस्वार! ‘ड्यां’वर एक, ‘चं’वर एक. नावातले खरे बुडबुडे तेच. त्यांना मोठे, पूर्ण गोल करा.

चमकेचं म्हणाल, तर उजेड एकाच बाजूने येतो हे आधी ठरवा, समजा डावीकडून वरून. मग चमक फक्त त्या बाजूला, जाड भागाच्या खांद्यावर, कडेला समांतर अशी वाकडी लांबट रेघ आणि तिच्यापुढे एक छोटा थेंब. प्रत्येक तुकड्यावर देऊ नका. शिरोरेषेवर एखादी, तिन्ही ब च्या पोटाच्या डाव्या फुगवट्यावर, दोन्ही अनुस्वारांवर, बास. आणि चमक फटीजवळ येऊ देऊ नका. पांढरी चमक आणि फट शेजारी आल्या की डोळा चमकेलाच फट समजतो आणि पुन्हा अक्षर बदलतं.

मुद्राराक्षस

चमकेचा पांढरा हा वेगळा रंग समजू नका, तिथे कागद मोकळा सोडा, म्हणजे वर शाईचा थर चढवावा लागणार नाही. खोकं पांढऱ्या पुठ्ठ्याचं असेल तरच हं. तपकिरी पुठ्ठा असेल तर आधी सांगा, तिथे पांढरी शाई वेगळी मागवावी लागते.

पटावरची_सोंगटी

पुठ्ठा पांढराच आहे. शिरोरेषा सरळ ठेवून खालची बाजू नाचवतेय. नियमांच्या पानाला मुक्ता लावायचं पक्कं केलंय, पण फॉन्ट मराठीला पुरा पडतो की नाही हे कसं तपासायचं? आमच्या नियमांत ‘कोपऱ्यातल्या घरात’ बरेचदा येतं.

शाईबोट

तोच शब्द टाइप करा. ‘ऱ्या’मधला र चंद्रकोरीसारखा आला पाहिजे, रफार होऊन डोक्यावर गेला तर एकतर फॉन्ट कच्चा आहे किंवा टाइप करताना नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) र पडलेला नाही. मग ळ, ॲ, ऑ टाका, जुन्या फॉन्टमध्ये ॲ च्या जागी चौकोन येतो. ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी, तेही बघा. काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडल्यावर वळण बदलतं. एवढं निघालं की फॉन्ट पास. नियमांचा कच्चा मजकूर इथे टाका, मी एकदा नजर फिरवतो.